पोर्ट आर्थरची टेकडी

संपादक महोदय,

युद्धाच्या बातम्यांत ‘शहर लवकरच पडेल’ असं सहज म्हटलं जातं, तेव्हा मला १९०४चं पोर्ट आर्थर आठवतं: चीनच्या किनाऱ्यावरचं, रशियाच्या ताब्यातलं बंदर, ज्याला रशिया-जपान युद्धात जपानने वेढा घातला होता. काँक्रीटचे बुरूज, काटेरी तारा, मशिनगन. तरी जपानी सेनापती नोगी यांनी पायदळ समोरून चढवलं आणि माणसांचा खच पडला. मग खंदक खणत इंच इंच पुढे सरकणं, बुरुजांखाली सुरुंग. ५ डिसेंबरला ‘२०३ मीटर’ टेकडी हाती आली. तिथून नेम सांगून २८ सेंटिमीटर व्यासाच्या नळीच्या तोफांनी बंदरातल्या रशियन युद्धनौका निकामी केल्या. याच टेकडीपायी नोगींचा धाकटा मुलगा गेला. थोरला आधीच नानशानच्या लढाईत गेला होता. शरणागती आली २ जानेवारी १९०५ला. नकाशावर बाण फिरवणाऱ्या वाहिन्यांनी त्या उतारावरची माणसंही दाखवावीत, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक