छपराची बॅटरी वेगळी ठेवा, असे सांगणाऱ्या वायरमन भाऊंना

आदरणीय वायरमन भाऊ,

सप्रेम नमस्कार.

आपले नाव कुठे छापायचे नाही, असे तुम्ही मला दोनदा बजावले आहे. म्हणून पंचक्रोशीत ज्या नावाने तुम्हाला हाक मारतात, त्याच नावाने हे पत्र लिहीत आहे. आभार मानायला मी तुमच्या दुकानात येऊ शकलो असतो. पण आपापल्या गावच्या शेतात छोटी वेधशाळा उभारून शहरात बसून ती चालवू पाहणारे माझ्यासारखे पुष्कळ जण आहेत, आणि तुम्ही मला जे शिकवले ते त्यांच्यापर्यंतही पोहोचावे, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे.

अचलपूर तालुक्यात, मेळघाटच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या संत्र्याच्या बागेत आकाश अजून खरोखर काळे असते. पेंच व्याघ्र प्रकल्प जानेवारी २०२४ मध्ये देशातले पहिले डार्क स्काय पार्क ठरला, तेव्हा विदर्भातल्या अंधाराची चर्चा झाली. आपल्याकडे मात्र तो रोजचाच. एखाद्या तेजोमेघाचे चांगले छायाचित्र मिळवायचे, तर पाच-पाच मिनिटांची शेकडो छायाचित्रे घेऊन ती एकत्र करावी लागतात, आणि त्यासाठी अनेक रात्री लागतात. नागपुरातली नोकरी सांभाळून दर रात्री चार-साडेचार तासांचा प्रवास करणे शक्य नव्हते, म्हणून ८० मिलिमीटरची दुर्बीण, कॅमेरा, संगणक आणि रुळांवर सरकणारे पत्र्याचे छप्पर असे सारे मी बागेत बसवले आणि ते दुरून चालवू लागलो. ढग, पाऊस आणि वारा मोजणारे सेन्सर लावले होते, इन्व्हर्टर होता, सिमकार्डावरचे इंटरनेट होते. त्या बळावर माझी यंत्रणा स्वयंचलित झाली आहे, अशी माझी समजूत होती.

गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये ती समजूत संपली. रात्री अकराच्या सुमारास गावची वीज गेली, काही वेळाने मोबाइलचा टॉवरही बंद पडला, आणि नागपुरात माझ्या पडद्यावर शेवटचे चित्र गोठून राहिले, ज्यात छप्पर उघडे होते. त्यानंतर मला काहीही दिसले नाही आणि काहीही करता आले नाही. रात्री अडीचच्या सुमारास मेळघाटाकडून वादळ उतरले. इन्व्हर्टरची बॅटरी तोवर रिकामी झाली होती, त्यामुळे पाऊस ओळखणारा संगणकही बंद होता आणि छप्पर ओढणारी मोटरही. तुम्ही आपल्या गोठ्यावरची ताडपत्री बांधायला उठला होता, तेव्हा विजेच्या लखलखाटात आमचे उघडे छप्पर तुम्हाला दिसले. तुमचा मुलगा आणि तुम्ही असे दोघांनी मिळून ते छप्पर हातांनी ढकलून बंद केले, आणि दुर्बिणीवर स्वतःचे घोंगडे टाकले. त्यानंतर काही मिनिटांतच गारा सुरू झाल्या. त्या गारांनी तुमच्या बागेतला आंबिया बहार झोडपून काढला होता, आणि तरीही सकाळी फोनवर तुम्ही मला पहिला प्रश्न विचारलात तो दुर्बिणीच्या काचेबद्दल. हे मी विसरू शकत नाही.

पण या पत्रात मला मुख्यतः आभार मानायचे आहेत ते त्या रात्रीनंतरच्या कामाबद्दल.

पुढच्या रविवारी मी आलो आणि मोठ्या अभिमानाने तुम्हाला सारी जोडणी दाखवली. पर्जन्यसेन्सरवर पाणी शिंपडले की पडद्यावर ‘असुरक्षित’ असे कसे उमटते, तेही दाखवले. तुम्ही काही बोलला नाहीत. खिशातून पक्कड काढलीत आणि माझ्या डोळ्यांदेखत त्या सेन्सरची वायर कापलीत. मग तांब्याभर पाणी त्याच्यावर ओतलेत. पडद्यावर ‘सुरक्षित’ हा हिरवा शब्द तसाच राहिला. तेव्हा तुम्ही म्हणालात, “वायर तुटली तरी तुमचं यंत्र म्हनते सारं बेस हाय. मंग पाऊस आला तं सांगन कोन?” बागेत उंदीर आणि खारी किती आहेत आणि त्यांना वायरचे आवरण किती आवडते, हे तुम्हाला ठाऊक होते, आणि मला ठाऊक असूनही माझ्या जोडणीत त्याचा विचार कुठेच नव्हता.

तीस वर्षे तुम्ही पंपांच्या मोटारी आणि स्टार्टर दुरुस्त करत आलात, आणि स्टार्टरमधली जी गोष्ट तुम्ही मला समजावलीत तीच आज आमच्या वेधशाळेचा पाया आहे. स्टार्टरमधली नो-व्होल्ट कॉइल वीज असेपर्यंतच पट्टी धरून ठेवते. वीज गेली की पट्टी सुटते आणि मोटर बंद होते, त्यासाठी कुणी हुकूम द्यावा लागत नाही. त्याच धर्तीवर तुम्ही आमचे सगळे सेन्सर उलट्या बाजूने जोडलेत. आता ढग, पाऊस आणि वारा यांचे रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, एकामागोमाग एका साखळीत आहेत, आणि सारे ठीक असेल तेव्हाच त्या साखळीतून विद्युतप्रवाह वाहतो. पाऊस पडला, वायर तुटली, सेन्सर जळाला किंवा त्याची वीज गेली, तर प्रवाह थांबतो, आणि प्रवाह थांबला की छप्पर बंद होते. संगणकालाही हाच नियम लागू केलात. तो दर दहा सेकंदांनी छप्पर चालवणाऱ्या नियंत्रकाला ‘मी चालू आहे’ असा एक ठोका पाठवतो. साठ सेकंद ठोका आला नाही, तर संगणक अडकला आहे असे समजून नियंत्रक स्वतःच छप्पर मिटवतो. दुर्बीण आणि तिची उपकरणे संगणकावरून चालवणाऱ्या ॲस्कॉमसारख्या प्रणालीत ‘सेफ्टी मॉनिटर’ नावाचे उपकरण असते आणि ते सुरक्षित किंवा असुरक्षित एवढेच उत्तर देते. ते मी आधीही वापरत होतो. पण ज्या वायरींवर ते विसंबून होते त्यांच्याकडे मी कधी पाहिले नव्हते.

यात एक अडचण होती आणि ती तुमच्याच लक्षात आली. मोटर बंद पडली की पंप सुरक्षित असतो, पण छपराला सुरक्षित होण्यासाठी हलावे लागते, म्हणजे नेमक्या वीज नसलेल्या वेळी त्याला ताकद हवी. मी मोठा इन्व्हर्टर घेण्याच्या विचारात होतो. तुम्ही ती मोटरच बदललीत: २४ व्होल्टची डीसी मोटर, बारा-बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, आणि त्या बॅटऱ्यांवर छप्पर व नियंत्रक सोडून दुसरे काहीही नाही, अगदी एक दिवासुद्धा नाही. दाब २४ व्होल्टच्या खाली उतरू लागला, तर बाहेर आकाश कितीही निरभ्र असो, अंगात जोर आहे तोवर छप्पर बंद होते. बॅटऱ्या पत्र्याच्या खोलीत न ठेवता बाहेर कडुनिंबाच्या सावलीत, हवा खेळती राहील अशा विटांच्या कप्प्यात ठेवायचा आग्रहही तुमचाच. तापमान साधारण १० अंशांनी वाढले की अशा बॅटरीचे आयुष्य निम्म्यावर येते. आपल्याकडचा मे महिना पाहता तो आग्रह किती योग्य होता, हे मला नंतर पटले.

दुसरी अडचण मला अधिक जड गेली. दुर्बीण उभी असताना तिचे टोक भिंतीच्या वर येत असे, त्यामुळे आधी दुर्बीण आडवी करून जागेवर बसवायची आणि मगच छप्पर सरकवायचे, असा क्रम मी ठेवला होता. माउंट, म्हणजे दुर्बीण फिरवणारी बैठक, मध्येच अडकले तर काय, असे तुम्ही विचारलेत. अशा वेळी छप्पर सरकवले तर ते दुर्बिणीवर आदळणार आणि न सरकवले तर पाऊस आत येणार, दोन्हीकडून नुकसान. तुमचा उपाय साधा होता: दुर्बिणीचा खांब इतका खाली घ्या की दुर्बीण कुठेही पाहत असली तरी छप्पर तिच्यावरून निघून जाईल. पण खांब खाली घेतला की चहूबाजूंच्या भिंती वर येतात आणि क्षितिजाजवळचे आकाश झाकले जाते. ध्रुवतारा भिंतीआड गेला त्याचे काही वाटले नाही, कारण ध्रुवताऱ्याच्या दिशेने रोखावा लागणारा माउंटचा अक्ष आता ताऱ्यांची छायाचित्रे जुळवूनही साधता येतो. ओमेगा सेंटॉरी हा भव्य तारकागुच्छ मात्र आपल्या अक्षांशावरून दक्षिणेला जेमतेम २१ अंश वर येतो, आणि तो टिपण्यासाठीच मी खांब उंच ठेवला होता. मी दोन आठवडे निर्णय लांबवला. तुम्ही घाई केली नाहीत. शेवटी खांब कापला, आणि आज त्याचे वाईट वाटत नाही.

वाऱ्याबद्दलही मला तुमच्याकडूनच कळले. पावसाचा सेन्सर सर्वांत महत्त्वाचा, असे मी धरून चाललो होतो. तुम्ही म्हणालात की पहिला थेंब पडेपर्यंत उशीर झालेला असतो, आधी गार वारा येतो. वादळी ढगातून खाली कोसळणारी थंड हवा जमिनीवर पसरत पावसाच्या पुढे धावते, हे पुस्तकात वाचले होते, पण माझ्या नियमांत ते नव्हते. आता ताशी ३० किलोमीटरच्या वर झोत आला की छप्पर बंद होते, आणि बंद झाल्यावर खालच्या कड्यांत अडकते, म्हणजे वारा पत्रा उचलू शकत नाही. ढगांसाठी आकाशाकडे रोखलेला अवरक्त तापमापक आहे. निरभ्र आकाश हवेपेक्षा पुष्कळ थंड दिसते आणि ढग आला की हा फरक घटतो. किती फरक म्हणजे निरभ्र, याचा आकडा दमट ऑक्टोबरला वेगळा आणि कोरड्या एप्रिलला वेगळा ठेवावा लागतो, एवढे मी माझ्या नोंदींवरून शिकलो.

छप्पर आपोआप बंद व्हावे, पण आपोआप उघडू नये, हा नियमही तुमचाच. स्टार्टरला ‘ऑटो’ लावल्यामुळे रात्री वीज येताच पंप अचानक सुरू होऊन माणसे कशी दगावतात, ते तुम्ही सांगितलेत, आणि ते सांगताना तुमचा आवाज बदलला होता. त्यामुळे आमच्याकडे वीज परत आली, संगणक पुन्हा सुरू झाला, तरी छप्पर जागचे हलत नाही. ढगांमुळे बंद झाले असेल तर सलग तीस मिनिटे सारे ठीक राहिल्यावर आणि मी स्वतः पाहून आज्ञा दिल्यावरच ते उघडते. पाऊस झाला असेल, तर त्या रात्री उघडतच नाही.

यंदाच्या एप्रिलमधली एक नोंद तुम्हाला दाखवायची राहून गेली आहे. १ वाजून ४१ मिनिटांनी मोबाइलचे नेटवर्क गेले. १ वाजून ४७ मिनिटांनी वाऱ्याचा झोत आला आणि साखळी तुटली. १ वाजून ४८ मिनिटांनी छपराचा बंद बाजूचा लिमिट स्विच दाबला गेला, म्हणजे छप्पर पूर्ण मिटले. २ वाजून ६ मिनिटांनी पाऊस सुरू झाला. मला नागपुरात पहिला संदेश मिळाला तो २ वाजून ५२ मिनिटांनी, नेटवर्क परतल्यावर. तोवर मी काळजीने तुम्हाला फोन लावत होतो आणि तो लागत नव्हता. सकाळी तुम्ही सांगितलेत की त्या रात्री तुम्ही झोपूनच होता. ते ऐकून मला जे समाधान वाटले ते मी तुम्हाला फोनवर नीट सांगू शकलो नाही, म्हणून इथे लिहिले.

दर पौर्णिमेला, जेव्हा चांदण्यामुळे तसेही छायाचित्रण होत नाही, तुम्ही बागेत जाऊन मेन स्विच पाडता, इंटरनेटची वायर काढता, सेन्सरवर तांब्याने पाणी शिंपडता आणि प्रत्येक वेळी छप्पर किती सेकंदांत मिटले ते वहीत लिहून ठेवता. त्या वहीची गेली सहा पाने मी पाहिली. शेवटच्या दोन पौर्णिमांना ३८ सेकंदांचे ४४ झाले आहेत, आणि समोर तुम्ही ‘उत्तरेकडचा रूळ, माती’ असे लिहिले आहे. या पौर्णिमेला मी शनिवारी दुपारीच पोहोचतो. रूळ साफ करायचा ब्रश, ग्रीस आणि तुम्ही सांगितलेला नवा लिमिट स्विच सोबत आणत आहे. तुमच्या दुकानात लावायला लॅगून तेजोमेघाचे छायाचित्रही मोठे छापून घेतले आहे. ते खांब खाली घेतल्यानंतरच्या अकरा रात्रींचे आहे.

आपला ऋणी,
संत्र्याच्या बागेतला शेजारी