चौथ्या विवराचा माणूस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला चंद्रनिरीक्षणावरचा लेख शेजारी ठेवूनच मी तृतीयेच्या कोरीवर दुर्बीण लावली. पूर्वेच्या कडेलगत लँग्रेनस, व्हेंडेलिनस, पेटाव्हियस आणि फुर्नेरियस ही चार विवरे उत्तरेकडून दक्षिणेकडे ओळीने सापडली. विवरांना माणसांची नावे आहेत; लेखात पहिल्या तिघांची ओळख आहे, चौथ्याचे नुसते नाव. तीस वर्षे भूगोल शिकवल्यामुळे मला ते फार लागले, कारण तो माणूस आमच्या विषयातला.

फुर्नेरियस हे ज्याच्या नावाचे लॅटिन रूप, तो जॉर्ज फूर्निए १५९५ साली फ्रान्समधल्या काँ शहरात जन्मला. जेझुइट या कॅथलिक संघाचा धर्मगुरू झाला, ला फ्लेशच्या महाविद्यालयात गणित शिकवले (तत्त्वज्ञ देकार्त त्याच्या आधी तिथेच शिकून गेला होता) आणि युद्धनौकेवर धर्मगुरू म्हणूनही राहिला. समुद्र त्याने नकाशावरच नव्हे, जहाजावरूनही पाहिला होता. १६४३ साली पॅरिसमध्ये निघालेल्या त्याच्या ‘इद्रोग्राफी’ ग्रंथात जहाजबांधणी, बंदरे, वारे, भरती-ओहोटी, होकायंत्र असे सगळे आहे. खलाशांच्या देवभक्तीवरही लिहिले आहे. आणि हे लॅटिनमध्ये नाही, फ्रेंचमध्ये! फ्रान्सचा मंत्री रिशेल्यू याच्या काळातल्या ‘ला कुरोन’ या प्रचंड युद्धनौकेचे वर्णनही त्यातच मिळते.

पृथ्वी ४ मिनिटांत १ अंश फिरते, म्हणून दोन ठिकाणच्या वेळांच्या फरकावरून रेखांश कळतो, हे मी वर्गात एका वाक्यात सांगून पुढे जायचे. फूर्निएच्या काळी मात्र भर समुद्रात बिनचूक वेळ दाखवणारे घड्याळच नव्हते. अक्षांश दुपारच्या सूर्यावरून किंवा ध्रुवताऱ्यावरून मिळे. रेखांश मात्र वेग, दिशा आणि वाळूचे घड्याळ यांच्या अंदाजाने काढायचा. वेळ ४ मिनिटांनी चुकली तर विषुववृत्तापाशी जहाज १११ किलोमीटर भलतीकडे मानले जाणार. रात्री अनोळखी किनाऱ्याकडे जाणाऱ्यांचे काय होत असेल, याचा विचार मी शिकवताना कधी केला नव्हता.

इटालियन खगोलशास्त्रज्ञ रिच्चोलीने १६५१ साली चंद्राचा नकाशा छापला, त्यात सुमारे १३० किलोमीटर रुंदीच्या या विवराला फूर्निएचे नाव दिले. तेव्हा फूर्निए हयात होता. पुढच्याच वर्षी ला फ्लेशला वारला.

पुढच्या भागात त्याच्याबद्दल चार ओळी जरूर छापाव्यात. ज्यांची कोर हुकली त्यांनी पौर्णिमेनंतर दोन-तीन दिवसांनी पाहावे; तेव्हा तिथे सूर्य मावळत असतो आणि विवराच्या कडा पुन्हा सावलीत उठून दिसतात.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका