क्षेपणभूमी आणि विहिरींचे पाणी : एका बाटलीवर निकाल नको

संपादक महोदय,

कचऱ्याच्या क्षेपणभूमीलगतच्या विहिरींचे पाणी बिघडल्याची ओरड झाली की एखाद्या विहिरीतून बाटलीभर पाणी तपासणीला जाते आणि अहवालावर 'पिण्यायोग्य' किंवा 'अयोग्य' असा शिक्का बसतो. या शिक्क्यावर रहिवाशांनी समाधान मानू नये, हे कळकळीने सांगण्यासाठी हे पत्र. त्या बाटलीतून त्या विहिरीची त्या दिवसाची स्थिती कळते. प्रदूषण कुठून आले आणि कोणत्या दिशेने निघाले आहे, हे कळत नाही.

भूजलाचा उतार जमिनीच्या उतारासारखाच असतो असे नाही. किमान तीन ठिकाणी पाण्याची पातळी एकाच संदर्भपातळीपासून मोजली, तरच प्रवाहाची दिशा काढता येते. ऋतूनुसार किंवा शेजारच्या मोठ्या उपशामुळे ती बदलतेही, म्हणून मोजणी पुन्हा पुन्हा करावी लागते. मग निरीक्षण विहिरी : प्रवाहाच्या खालच्या अंगाला अनेक आणि वरच्या अंगाला, कचऱ्याचे पाणी जिथे पोहोचत नाही अशा जागी, निदान एक. ही वरची विहीर पुष्कळदा गाळली जाते. तसे झाले की 'हे क्षार इथल्या खडकातलेच आहेत' या दाव्याला उत्तर देता येत नाही. कठीण खडकात पाणी भेगांमधून जाते. तिथे जवळची विहीर स्वच्छ आणि लांबची दूषित, असेही घडते.

कचऱ्यातून झिरपणाऱ्या द्रवातले, म्हणजे लिचेटमधले, क्लोराइड मातीला चिकटत नाही, विघटितही होत नाही. ते पाण्याबरोबर पुढे सरकते, म्हणून क्लोराइड आणि विद्युतवाहकता (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देणारे माप) दोन्ही वाढू लागली की सावध व्हावे. अमोनिया मागून येतो. आर्सेनिकचे प्रकरण वेगळे आहे. लिचेटमधल्या सेंद्रिय पदार्थांमुळे जमिनीखालचा प्राणवायू संपतो, लोहाची संयुगे विरघळतात आणि त्यांना धरून बसलेले आर्सेनिक मोकळे होते. कचऱ्यात आर्सेनिक सापडले नाही, म्हणून क्षेपणभूमी निर्दोष ठरत नाही! ट्रायक्लोरोइथिलिनसारखे क्लोरीनयुक्त द्रावक (तेल-ग्रीस काढण्याची रसायने) तर पाण्याहून जड. ते शुद्ध स्वरूपात सांडले असतील तर खाली बसतात, त्यामुळे फक्त वरच्या थरातला नमुना घेतल्यास ते निसटू शकतात.

आता दुरुस्ती. पाणी बाधित झालेल्या घरांना दुसरे पाणी लगेच मिळाले पाहिजे, यात चर्चेला जागाच नाही. त्यानंतर उगम रोखायचा : पाऊस आत मुरू नये म्हणून ढिगावर अभेद्य आच्छादन, साचलेल्या लिचेटचा उपसा आणि प्रक्रिया. उगम चालू ठेवून नुसते भूजल उपसून शुद्ध करत बसणे हा पैशाचा अपव्यय आहे. उगम थांबल्यावरही धीर लागतो, कारण चिकणमातीच्या थरांत शिरलेली प्रदूषके सावकाश बाहेर येत राहतात. पंप बंद केल्यावर काही महिन्यांत आकडे पुन्हा चढतात, ते त्यामुळेच. क्लोरीनयुक्त द्रावकांसाठी प्रवाहाच्या आडवी लोहकणांची भिंत जमिनीत घालतात. पाणी तिच्यातून जाते आणि द्रावक तिथे विघटित होतात. 'निसर्ग आपोआप शुद्ध करेल' हा मार्गही शास्त्राला मान्य आहे, मात्र उगम बंद असेल आणि प्रदूषण घटताना प्रत्यक्ष मोजले जात असेल तरच.

अमेरिकेने १९९१ मध्ये नागरी कचऱ्याच्या क्षेपणभूमींसाठी केलेले नियम इथे पाहण्यासारखे आहेत. प्रदूषण हद्दीबाहेर गेले तर त्या दूषित भूजलावरच्या जमिनींच्या मालकांना आणि रहिवाशांना कळवावे लागते. उपाय निवडण्याआधी बाधितांसमोर जाहीर सभेत चर्चा करावी लागते. भूजल सलग तीन वर्षे मानकांत राहिले तरच, सर्वसाधारणपणे, दुरुस्ती पूर्ण मानतात आणि क्षेपणभूमी बंद झाल्यावरही साधारण ३० वर्षे देखरेख असते.

म्हणून रहिवाशांनी केवळ अहवाल मागू नये. निरीक्षण विहिरींचा नकाशा, प्रत्येक वेळी मोजलेली पाणीपातळी, वरच्या अंगाच्या विहिरीचे आकडे आणि पूर्वीच्या सगळ्या तपासण्या मागाव्यात. ही माहिती प्रशासनाने स्वतःहून, उपाय ठरण्याच्या आत, सर्वांसमोर ठेवावी.

– एक वाचक