आईच्या तोंडातल्या, टाळूवरच्या गाठीबद्दल

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, व्हॉट्सअ‍ॅपवरचे फोटो पाहिले. फोनवर सांगितलेलं अर्धं विसरलं जातं, म्हणून लिहून पाठवते. हे आईच्या फाइलमध्ये लावून ठेवा.

आई, कवळी आता पुन्हा घासून आणू नकोस. कवळी रुतून झालेली जखम ती काढून ठेवली की 2 आठवड्यांत बसते. तुझी गाठ 3 महिने तशीच आहे. वरचे दात कधीच गेले, त्यामुळे दाताचा पू म्हणायलाही जागा नाही. टाळूच्या अगदी मध्यरेषेवर दगडासारखा उंचवटा असता तर हाड म्हणून सोडून दिलं असतं. पण ही डाव्या बाजूला आहे, कडक टाळू संपून मऊ टाळू सुरू होतो तिथे, आणि नेमक्या त्याच पट्ट्यात बारीक लाळग्रंथी दाटीने असतात. तोंडात अशा 600 ते 1000 ग्रंथी, एकेक जेमतेम 1 ते 5 मिलिमीटरची. त्यांच्यातून उठलेली गाठ अशीच दिसते: गोल, गुळगुळीत, वरची त्वचा शाबूत, दुखणं नाही.

दुखत नाही म्हणजे साधी, असं मात्र धरू नका. कानापुढच्या मोठ्या लाळग्रंथीतल्या 10 गाठींपैकी साधारण 8 साध्या असतात; तोंडातल्या बारीक ग्रंथींत जवळजवळ निम्म्या कॅन्सरच्या निघतात. आणि 'मी कधी तंबाखूला हात लावला नाही' हा तुझा मुद्दा इथे लागू नाही. गालाच्या कॅन्सरचं तंबाखूशी जसं नातं आहे, तसं याचं नाही.

क्रम महत्त्वाचा: आधी एमआरआय, मग तपासणीसाठी तुकडा (बायोप्सी). उलट केलं तर कापल्याची सूज आणि रक्त चित्रात मिसळतं, गाठीची खरी कड कळत नाही. इंजेक्शन देऊन काढायचा एमआरआय आहे, आणि आईला शुगर आहे, म्हणून आधी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी, करून घ्या. चिठ्ठीवर 'टाळूच्या मज्जातंतूचा मार्ग कवटीच्या तळापर्यंत पाहावा' असं लिहून मागा. अडेनॉइड सिस्टिक नावाचा कॅन्सरचा प्रकार मज्जातंतूच्या कडेने सरकत वर जातो, बाहेरून बोराएवढाच दिसतो. आई, टाळूवर किंवा डाव्या गालावर बधिरपणा, मुंग्या असतील तर डॉक्टरांना आपणहून सांग. हाड किती खाल्लंय ते सीटी स्कॅन दाखवेल.

बाबा, तुकडा घेताना तुम्ही सोबत असा. 'लहानच आहे, काढूनच टाकतो' असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. साध्या गाठीचंही वेष्टन अर्धवट असतं. खरवडून काढली की कण मागे राहतात आणि काही वर्षांनी तिथेच पुन्हा येते. 4-5 मिलिमीटरचा तुकडा हवा, गाठीच्या मध्यातून आणि खोल. वरवरचा घेतला तर रिपोर्टमध्ये नुसती चांगली त्वचा येते. तो 10 टक्के फॉर्मॅलिनमध्ये टाकायचा, तुकड्याच्या दहापट तरी. स्पिरिट किंवा सलाइन चालत नाही. अ‍ॅस्पिरिनबद्दल डॉक्टरांना विचारा, मनाने बंद करू नका.

रिपोर्ट 'खात्रीने सांगता येत नाही' असाही येऊ शकतो. लॅबची चूक समजू नका. या गाठींचे काही प्रकार एकमेकांसारखे दिसतात आणि फरक कळतो तो गाठीच्या कडेवर, जी एवढ्याशा तुकड्यात येतच नाही. म्हणून लॅबकडून तुकड्याच्या काचा (स्लाइड) आणि तो ज्यात बसवलेला असतो तो मेणाचा ठोकळा मागून घ्या, परळला टाटा मेमोरियलमध्ये दुसरं मत घेऊ. टाळूवरचा एक व्रण तर सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब कॅन्सर वाटतो आणि 6 ते 10 आठवड्यांत आपोआप भरतो. एकाच मतावर टाळू कापायला देऊ नये, ते यासाठीच.

साधी निघाली तर खालच्या हाडाच्या आवरणासकट, भोवतीची थोडी निरोगी जागा घेऊन काढतात. कॅन्सर असेल तर कड जास्त, बहुधा थोडं हाडही. मग टाळूला भोक राहतं, पाणी नाकातून येतं, बोलणं गेंगाणं होतं. त्यावर ऑब्च्युरेटर, म्हणजे भोक बंद करणारी कवळीसारखी पट्टी, बसवतात. त्याचं माप शस्त्रक्रियेआधीच घ्यायचं असतं, म्हणून दाताच्या डॉक्टरांची भेट आधीच ठरवा. आई, तुझी जुनी कवळीच त्यासाठी वाढवून वापरता येईल बहुतेक, टाकू नकोस. पक्की कवळी जखम आवळून बसल्यावर, 3 ते 6 महिन्यांनी.

रेडिएशन सांगितलं तर आठवड्याचे 5 दिवस, साधारण 6 आठवडे. त्याआधी खालचे हलणारे दोन दात काढून घ्यायचे आणि मध्ये किमान 2 आठवडे जाऊ द्यायचे. रेडिएशननंतर दात काढला तर जबड्याचं हाड सडू शकतं.

अडेनॉइड सिस्टिक असेल तर 5 वर्षं झाली म्हणून तपासणी थांबवायची नाही. 10-15 वर्षांनीही तो फुप्फुसात दिसतो, म्हणून छातीचा सीटी चालूच राहील.

एमआरआयची तारीख मिळाली की कळवा. मी आदल्या दिवशी येते. त्या दिवशी कवळी पाण्याच्या डबीत घालून सोबत आणा, रुमालात बांधून नको, सुकली की वाकडी होते.

तुमची,
लेक