दादाची फाईल

चि. मीनल,
अनेक आशीर्वाद.

आमच्या मागे दादाचं काय, हा विषय फोनवर निघाला की आपण सगळेच तो टाळतो. म्हणून लिहून देते. त्याचं रोजचं न्हाऊ-खाऊ तुझ्या गळ्यात घालायचं नाही. कागदांवर आणि पैशांवर तुझी नजर असली की पुरे.

मूल १८ वर्षांचं झालं की आईवडीलही कायद्याने आपोआप त्याचे पालक राहत नाहीत. दादासारखं बौद्धिक दिव्यांगत्व असेल तर १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली, जिल्हाधिकारी प्रमुख असलेली स्थानिक स्तर समिती पालक नेमते. आज पालक आम्ही आहोत. पुढे तुला नव्याने अर्ज करावा लागेल. नेमणूक झाली की ६ महिन्यांत त्याच्या मालमत्तेची यादी द्यायची, आणि दरवर्षी ३० जूनच्या आत जमाखर्च. आधार, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आणि जन्मदाखल्यावरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय ना, ते अर्जाआधी बघ. अडतं ते तिथेच.

बाबांची पेन्शन केंद्र सरकारची. आम्हा दोघांनंतर फॅमिली पेन्शन दादाला तहहयात मिळेल, पण त्याचं इतर उत्पन्न त्या पेन्शनपेक्षा (शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, अधिक महागाई भत्ता) कमी असायला हवं. प्रेमापोटी कुणी त्याच्या नावे मोठी एफडी करायला निघालं तर अडव: व्याज वाढलं की पेन्शन जाते. घरही थेट त्याच्या नावावर नको. पैसे आणि घर दोन्ही खाजगी ट्रस्टमध्ये राहू देत, आणि त्याला रोज सांभाळणारा माणूस विश्वस्त नसावा. हे मी हट्टाने सांगते. खर्च करणारा आणि हिशोब तपासणारा एकच असला की चांगल्या माणसाचाही हात सैल होतो.

आता फिटचं. त्याची व्हॅल्प्रोएटची गोळी सावकाश विरघळणारी आहे. कुटून दुधात घालायची नाही. दुकानदाराने दुसरी कंपनी दिली तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. एकदम बंद तर कधीच करायची नाही, फिट उलटून येते. फिट आलीच तर कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं. ५ मिनिटांपुढे गेली तर मिडाझोलमचा नाकातला फवारा, चिठ्ठीवर लिहिलाय तेवढाच, आणि १०८ ला फोन. कांदा नि चप्पल हुंगवायला शेजारचे धावतीलच; त्यांना लिफ्ट थांबवून धरायला पाठव.

निरामय, म्हणजे राष्ट्रीय न्यासाचा आरोग्य विमा, १ लाखाचा आहे, दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं.

निवासी संस्था आम्ही धडधाकट असतानाच ठरवायची आहे. आधी दोन दिवस, मग आठवडा, असं त्याला राहू द्यायचं. बघायला जाशील तेव्हा ऑफिसात बसू नकोस. रात्रपाळीला किती माणसं, किती मुलांमागे, ते विचार, आणि जेवणाच्या वेळी न सांगता जा. दादालाही विचार. दोन फोटो समोर धरलेस की तो बोट ठेवतो.

तुझी,
आई