डीबगर नुसता पाहत नाही

महोदय,

प्रोग्रॅमिंगच्या पाठ्यपुस्तकांत डीबगरची ओळख बहुधा 'चालू प्रोग्रॅम मध्येच थांबवून व्हेरिएबलच्या किमती दाखवणारे साधन' एवढ्यावरच आटोपते. हे वर्णन अपुरे आहे आणि त्याची झळ मी सोसली आहे. नोकरीच्या सुरुवातीला मी जीडीबी या डीबगरमध्ये 'प्रिंट मोजणी++' अशी आज्ञा दिली. किंमत दिसली, पण त्याच वेळी प्रोग्रॅममधली मोजणीही एकने वाढली. लूप एक फेरी आधीच संपले आणि मुळात नसलेली चूक शोधण्यात माझी अख्खी दुपार गेली.

आपण टंकलेली ओळ डीबगर कंपायलरसारखीच (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमसारखीच) वाचतो, म्हणजे आधी तिचे टोकन, म्हणजे नावे, अंक आणि चिन्हे असे सुटे तुकडे, पाडतो आणि मग त्या भाषेच्या व्याकरणानुसार त्यांची रचना लावतो. 'अ + ब * २' या राशीचे झाड मांडले, तर मुळाशी बेरीज येते, तिच्या एका फांदीवर 'अ' आणि दुसरीवर गुणाकार. शाळेतला कंचेभागुबेवचा नियम झाडाच्या आकारातच उतरतो. किंमत काढताना 'अ' आणि 'ब' थांबलेल्या प्रोग्रॅमच्या मेमरीतून किंवा प्रोसेसरच्या रजिस्टरमधून आणले जातात, आणि '++' असेल तर वाढलेली किंमत तिथेच परत लिहिली जाते.

१९८६ साली सुरू झालेल्या जीडीबीत हे झाड मात्र फार उशिरा आले. पूर्वी पार्सर, म्हणजे ओळ वाचून तिची रचना लावणारा भाग, क्रियेचे चिन्ह शेवटी असलेली सपाट यादी तयार करी, ती उलटवून चिन्ह आधी आणले जाई, आणि पुढचा सगळा कोड यादीतल्या जागांचे क्रमांक सांभाळत चाले. २०२१च्या अकराव्या आवृत्तीत प्रत्येक क्रियेला स्वतंत्र ऑब्जेक्ट मिळाला आणि ते एकमेकांना जोडून झाड बनू लागले. वाचणाऱ्याच्या दृष्टीने हा बदल मला फार मोलाचा वाटतो.

सी भाषेतले '(क) * ख' पाहा. 'क' हे टाइपचे, म्हणजे किमतीच्या प्रकाराचे, नाव असेल, तर 'ख' या पॉइंटरमध्ये साठवलेल्या मेमरीतल्या पत्त्यावरची किंमत त्या टाइपमध्ये बदलायची. 'क' व्हेरिएबल असेल, तर साधा गुणाकार. नुसत्या व्याकरणाने हे ठरत नाही. पार्सरला वाचता वाचताच सिम्बॉल टेबल, म्हणजे प्रोग्रॅममधले कोणते नाव कशाचे आहे याची यादी, पाहावे लागते, त्यामुळे प्रोग्रॅम कुठे थांबला आहे यावर त्याच ओळीचा अर्थ बदलू शकतो.

'पीटाइप मोजणी++' ही आज्ञा तेच झाड चालते, पण फक्त टाइप सांगते, मोजणीला हात लावत नाही. हा फरक मला कोणी शिकवला नव्हता.

कंपायलरच्या प्रात्यक्षिकांत विद्यार्थी पार्सर लिहितात, पण रोज हाताशी असलेल्या डीबगरमध्येही तसाच पार्सर आहे हे त्यांना दाखवले जात नाही. 'सेट डीबग एक्स्प्रेशन १' एवढी आज्ञा दिली की जीडीबी राशीची अंतर्गत रचना पडद्यावर मांडतो. अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांनी निदान एक प्रात्यक्षिक या रचनेच्या वाचनासाठी राखून ठेवावे, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक सॉफ्टवेअर अभियंता