सिंगापुरात मला हलाल जेवण शोधायला शिकवणाऱ्या काकूंना

आदरणीय काकू,

सप्रेम नमस्कार आणि सलाम.

येत्या महिन्यात तुम्ही सिंगापूर सोडून कायमच्या मिरजेला परतणार, हे कळल्यापासून हे पत्र मनात घोळत होते. तोंडाने आभार मानायला गेले की तुम्ही "अगं, त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता, म्हणून लिहूनच सांगते आहे. सर्वांना वाचता येईल असे लिहिते आहे, कारण आपल्याकडून इथे नव्याने येणाऱ्या एखाद्या मुसलमान घराला, तुम्ही मला दिलेले ज्ञान पहिल्याच आठवड्यात मिळावे अशी माझी इच्छा आहे.

आम्हाला चिपळूणहून येऊन जेमतेम नऊ दिवस झाले होते. यजमान जहाजदुरुस्तीच्या कामावर गेलेले, मुलगी भुकेलेली आणि टॅम्पिनिस भागातल्या हॉकर सेंटरमधल्या, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या मोठ्या मंडईतल्या, पाट्या वाचून मी गोंधळलेली. मासळीला आमच्या धर्मात जबिह्याची, म्हणजे धर्मानुसार कापण्याची, अट नाही, तेव्हा मासळी तरी निर्धोक असेल, असा कोकणातल्या माणसाला साजेसा हिशोब करून मी माशांच्या गोळ्यांचे नूडल्स घेतले. वर सोनेरी, कुरकुरीत असे बारीक तुकडे भुरभुरलेले होते आणि मी त्यांना तळलेला लसूण समजले. चमचा मुलीच्या तोंडाशी नेणार इतक्यात शेजारच्या टेबलावरून मराठीत आवाज आला, "थांब बाळ, ते खाऊ नका. ती डुकराची चरबी तळलेली आहे." माझ्या डोक्यावरची ओढणी तुम्ही पाहिली होती आणि मुलीशी चाललेले मराठी बोलणे तुमच्या कानावर पडले होते, असे तुम्ही नंतर सांगितलेत. त्या वेळी मला फक्त एवढेच कळले की हात थरथरतो आहे आणि समोरच्या बाईंनी वाटी अलगद बाजूला सरकवली आहे.

मग तुम्ही तुमचे ताट दाखवलेत. चिनी बौद्धांच्या शाकाहारी स्टॉलवरचे तांदळाचे नूडल्स, त्यात कांदाही नाही आणि लसूणही नाही. चातुर्मासातली तुमची सोय इतक्या दूर, एका चिनी बाईंच्या कढईत झाली होती, याचे मला अजूनही नवल वाटते. तुमचा आणि माझा नियम वेगळा. पण इथे पहिल्या दोन वर्षांत तुम्हालाही तोच त्रास झाला होता. "शाकाहारी आहे का?" असे विचारल्यावर हसून "हो, हो" म्हणत पुढे केलेल्या भाजीत कधी ऑयस्टर (कालवांचा) सॉस निघे, तर कधी बेलाचान, म्हणजे सुक्या कोळंबीचे वाटण. समोरचा माणूस फसवत नसतो, त्याच्या दृष्टीने ती भाजीच असते, हे तुम्ही मला पहिल्याच दिवशी समजावलेत. म्हणूनच "हलाल आहे का?" असे विचारायचे नाही. पाण्यात काय उकळले आहे, कशात तळले आहे, कोंबडी कुठून येते, सॉसमध्ये काय घातले आहे, असे विचारायचे. ज्याचे उत्तर नुसत्या होकाराने देता येत नाही असा प्रश्न विचारावा, ही तुमची शिकवण माझ्या इथल्या साऱ्या जगण्याला पुरली आहे.

दुसरी शिकवण कागदाची. इथे हलालचे प्रमाणपत्र मुइस, म्हणजे सिंगापूरची इस्लामी धर्मपरिषद देते. १९६८ साली स्थापन झालेली ही संस्था १९७८ पासून हे काम करते आहे आणि तिच्या शिक्क्याचा गैरवापर करणाऱ्याला दहा हजार डॉलरपर्यंत दंड, बारा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. मला हे काहीच ठाऊक नव्हते. तुम्ही, ज्यांच्या घरात अंडेही येत नाही, मला स्टॉलच्या काचेवर लावलेल्या त्या कागदापाशी घेऊन गेलात आणि बोट ठेवून दाखवलेत की पत्ता याच स्टॉलचा आहे का आणि मुदत संपलेली तर नाही ना, हे पाहायचे. एका शाखेचा कागद दुसऱ्या शाखेला चालत नाही. "डुक्कर नाही, डुकराची चरबी नाही" ही पाटी निराळी, तिच्यावर विसंबून राहायचे नाही, कारण कोंबडी कशी कापली आणि रश्श्यात तांदळाची दारू घातली की नाही, याबद्दल ती पाटी काहीच सांगत नाही. मुसलमान मालक आहे पण कागद नाही, अशा ठिकाणचा निर्णय मात्र तुम्ही माझ्यावर सोडलात. "ते तुझं तू ठरव, त्यात मी बोलणार नाही," असे म्हणालात. मदत कुठे थांबवायची हे तुम्हाला कळत होते, आणि त्याबद्दलचा आदर या पत्रात लिहून ठेवलाच पाहिजे.

२०२० च्या जनगणनेनुसार इथल्या पंधरा वर्षे आणि त्यावरील रहिवाशांत मुसलमान १५.६ टक्के होते, म्हणजे हलाल जेवण दुर्मीळ मुळीच नाही. गेलांग सेराईच्या बाजारात किंवा सुलतान मशिदीच्या आसपास तर डोळे मिटून जेवावे. ज़मज़म हॉटेलचा मुर्तबाक, म्हणजे खिमा भरलेला पराठा, १९०८ पासून तिथे मिळतो आहे. पण माझ्या मुलीला शाळेतल्या मैत्रिणींबरोबर सगळ्यांचे सगळे खायचे होते, आणि खरी परीक्षा तिथेच होती. हैनानी कोंबडीभाताचा भात कोंबडीच्याच चरबीत परतलेला असतो, म्हणून नुसता भात घेतला तरी कोंबडी हलालच हवी. जपानी तेरियाकीत मिरिन म्हणजे गोड दारू, इटालियन रिसोटोत वाइन, काही चीजमध्ये दूध गोठवणारे, वासराच्या जठरातले रेनेट, आणि मुलांच्या रबरी गोळ्यांत प्राण्यांच्या हाडाकातड्यापासूनचे जिलेटिन. ही सारी नावे तुमच्या निळ्या डायरीत तुमच्या ठसठशीत अक्षरांत होती, आणि प्रत्येकापुढे हलाल पर्याय कुठे मिळतो ते तुम्ही माझ्यासाठी नव्याने टिपून ठेवलेत. आज माझी मुलगी हलाल डिमसम आणि हलाल रामेन आपल्या मैत्रिणींना खाऊ घालते.

एक संध्याकाळ मी कधीच विसरणार नाही. मुलीच्या वाढदिवसाला तुम्ही बिनअंड्याचा केक करणार होतात. दुपारी दार वाजले, तर तुम्ही व्हॅनिला इसेन्सची बाटली हातात धरून उभ्या, चष्मा कपाळावर सरकवलेला आणि लेबल डोळ्यांच्या अगदी जवळ नेलेले. "यात अल्कोहोल लिहिलंय गं. चालेल की दुसरं आणू?" एवढेच विचारायला तुम्ही अकराव्या मजल्यावरून आला होतात. शेवटी केकमध्ये वेलदोडा घातलात. माझ्या सख्ख्या नात्यातल्या कुणी इतके बारकाईने पाहिले नसते.

रमजानच्या बाजारात, कबाबांच्या धुरात, माझ्या पिशव्या धरून तुम्ही रांगेत उभ्या राहिलात. ताटे परत ठेवताना हलाल भांड्यांचे कप्पे वेगळे असतात, हे माझ्या मुलीला तुम्हीच दाखवलेत. ती आजही आधी पाटी वाचते आणि मगच ताट ठेवते. दर वेळी मलय स्टॉलवरून जाताना तुम्ही लोन्तोंगच्या, म्हणजे भाताच्या वड्यांबरोबरच्या सायुर लोदेह या भाज्यांच्या रश्श्याच्या, पातेल्याकडे पाहून म्हणायचात, "दिसतं अगदी आपल्या नारळाच्या रश्श्यासारखं." त्यात सुकी कोळंबी असते, म्हणून इतक्या वर्षांत तुम्ही तो कधी चाखला नाहीत.

काकू, रविवारी दुपारी जेवायला आमच्याकडे या. तोच सायुर लोदेह मी घरी करणार आहे. नारळाचे दूध, फरसबी, वांगी, कोबी, टोफू, हळद आणि गलांगल (आल्यासारखे मूळ) घालून. बेलाचान नाही, कोळंबी नाही, आणि एकादशी नसली तरी तुमच्यासाठी कांदा-लसूणही नाही. पातेले, डाव आणि सुरी नवी घेतली आहे. मसाल्याच्या प्रत्येक पुडीचे लेबल मी वाचले आहे, तरीही पुड्या ओट्यावर तशाच ठेवते, तुम्ही येऊन एकदा नजर घाला.

तुमची कृतज्ञ,
चौथ्या मजल्यावरची शेजारीण